सडा ते खाडी : पायवाटांच्या कामाची वही

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

भात झोडून घरात आलं, दिवाळी झाली, चाकरमानी परत गेले. आता मे अखेरपर्यंत जे करायचं ते करायचं. सकाळी साडेसातला देवळाच्या पारावर नऊ जण जमलो. हत्यारं : चार कोयत्या, दोन पहारी, एक टिकाव, मोजणीची टेप. वही माझ्याकडे.

गाव मुचकुंदीच्या खाडीच्या दक्षिणेला. वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, मध्ये उतारावर तीन वाड्या, खाली आगरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा, मग खाडी. डांबरी रस्ता यायच्या आधी सगळी जा-ये पायी होती, आणि त्यासाठी बांधलेल्या वाटा अजून जमिनीत आहेत. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आंबे, फणस, माड या वाटांवर आडवे झाले. घरांवरचे आणि विजेच्या तारांवरचे काढले, वाटांवरचे राहिले. तोवर घरोघरी दुचाकी आली होती, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. अडलं ते म्हाताऱ्यांचं, शाळेच्या मुलांचं आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही त्या बायकांचं. वरच्या वाडीतून देवळात यायला घाटीने, म्हणजे डोंगरउताराच्या पायवाटेने, वीस मिनिटं लागायची. डांबरी रस्त्याने तेच अंतर चार किलोमीटर पडतं.

आज ठरलेलं एवढंच : जुन्या वाटा जोडून सड्यापासून खाडीपर्यंत चालण्याचं एक जाळं करायचं. गावच्या माणसांसाठी, आणि बाहेरून चालायला येतील त्यांच्यासाठीही. मोटार, मोटरसायकल या वाटांवर नाही. सायकल फक्त सड्यावरच्या जुन्या गाडीवाटेवर, पायऱ्यांवर नाही.

दुपारपर्यंत घाटीच्या वरच्या टोकाचे दोन फणस तोडून बाजूला केले. फांद्या ज्याच्या जमिनीत पडल्या होत्या त्याला सांगून त्याच्याच कुडणात रचल्या.

२६ नोव्हेंबर

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत आणली. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, पायवाट तुटक एकेरी रेषेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. आमच्या आगरात दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मध्ये कुठेही पाच फुटांच्या वर जागा नाही. गडगे पुढे सरकले का वाट पहिल्यापासूनच एवढी होती, ते आता कोण सांगणार. त्या वादात शिरायचं नाही असं आजच लिहून ठेवते. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील एवढी जागा आम्हाला पुरते.

फोनवर वाट नोंदवत चाललो आणि संध्याकाळी नकाशावर ठेवून पाहिली. चार तुकडे निघाले. सड्यावरची गाडीवाट. सड्यावरून वाडीत उतरणारी घाटी, तिच्या पायऱ्या मोजल्या, २१२ भरल्या. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने आगरातून देवळापर्यंत येणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. आणि देवळापासून खाडीपर्यंतची तरीची वाट. पूल होण्याआधी माणसं तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे पूर्णगडला जायची, त्या धक्क्यापर्यंत ती जाते. सगळं मिळून ७.४ किलोमीटर. त्यातलं आज न वाकता, न थांबता चालता येतं ते तीन किलोमीटरसुद्धा नाही.

तरीच्या वाटेवर एका कलमांच्या बागेने काटेरी तार घातली आहे. नकाशात वाट सरळ बागेतून जाते.

१० डिसेंबर

घाटी साफ. अकरा जण होतो, त्यात पाच बायका. काम करताना वाट बांधणाऱ्यांची अक्कल हळूहळू दिसायला लागली. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे दुरुस्तीला हेच लागणार आहे.

एक : घाटी सरळ खाली उतरत नाही, डोंगर तिरका कापत जाते. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवला की पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून खाली निघून जातं. जिथे नाइलाजाने सरळ उतरावं लागलं तिथेच पायऱ्या आहेत.

दोन : प्रत्येक पायरी दरीच्या बाजूला किंचित कललेली आहे. आम्हाला वाटलं दगड खचला. चार पायऱ्या पाण्याची पातळी लावून पाहिल्या, चारही सारख्याच कलल्या होत्या. पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम तशा बसवल्या आहेत.

तीन : दर पंधरा-वीस पायऱ्यांनंतर एक चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, आडवा, तिरका, बोटभर वर काढलेला. आम्ही त्याला ठेचकाळत होतो. एक जण म्हणाला, हा काढून टाकू. आबा खालून ओरडले, "हात लावू नको त्याला! पाणी तोडायला घातलाय तो." त्या चिऱ्याच्या बाहेरच्या टोकाशी माती उपसली तर खाली दगडी चर निघाला. पालापाचोळ्याने गच्च भरलेला. असे अकरा चर आज मोकळे केले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. वाट टिकली ती या चरांमुळे.

आबा ऐंशीच्या पुढचे. पंचाहत्तराव्या पायरीपाशी बसले आणि म्हणाले, "हितं मी दुधाची चरवी सांडलेली. आईनं मारलंन." ती पायरी आता आमच्यात चरवीची पायरी झाली आहे. कामाच्या जागा सांगताना अशी नावं फार उपयोगी पडतात.

२४ डिसेंबर

आगरातल्या पाखाडीचे सातबारे काढले. पाखाडी सात गटांतून जाते. पाच सोपे. सहावा देवस्थानचा. सातव्यावर चौतीस नावं आहेत. त्यातली काही माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत. बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे, एक कुटुंब बडोद्याला. गावात त्या घरातली फक्त एक काकी राहते आणि तिचं नाव सातबाऱ्यावर नाही.

कोकणात हे घरोघरचं आहे. या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, जवळपास सगळी जमीन खाजगी आणि बरीचशी सामाईक. वनखात्याच्या एका परवानगीने दुसरीकडे जे होईल त्याला इथे चौतीस फोन लागतात. आज नऊ लावले. सहा जणांनी "करा की, चांगलं काम आहे" म्हटलं. दोघांनी विचारलं, उद्या यातून रस्ता काढणार नाही ना? एकाने फोन ठेवून दिला.

रस्त्याची भीती खरी आहे. वाट मोकळी करा म्हणून आलेल्यांनी पुढे जेसीबी आणलेला लोकांनी पाहिला आहे. म्हणून संमतीपत्राचा मजकूर आज बदलला. "पायी चालण्यासाठी" हे शब्द पहिल्या ओळीत घेतले आणि "रुंदी वाढवणार नाही, गडगा हलवणार नाही, जमिनीवर कोणताही हक्क सांगणार नाही" हे त्याखाली. सही करणाऱ्याला कधीही संमती मागे घेता येईल, तेही लिहिलं. आमच्यातल्या दोघांना ते शेवटचं वाक्य आवडलं नाही, म्हणाले इतकं काम करून उद्या एकाने नाही म्हटलं तर? मला ते वाक्य हवंच होतं. ज्याला दार बंद करता येतं तोच निर्धास्तपणे उघडतो.

२६ जानेवारी २०२४, ग्रामसभा

आज फार लिहायचं आहे.

ठराव मांडला : चारही वाटा ग्रामपंचायतीच्या नोंदीला "पायवाट" म्हणून घ्याव्यात आणि त्यांवर मोटारवाहन बंद असावं. मला वाटलं होतं हात वर होतील आणि चहा होईल. पाखाडीशेजारचा एक भाऊ उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही बाहेरच्यांना फिरायला वाट करताय. माझी आय गेल्या पावसात आजारी पडली. खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत नेली, पायरीवर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलंडली. मला तिथे काँक्रीट हवंय, गाडी घरापाशी यायला हवी." सभा गप्प झाली.

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी खुर्ची धरणाऱ्या चौघांतला एक माझा चुलतभाऊ होता.

मग पुष्कळ बोलणं झालं. कुणी माथेरानचं उदाहरण दिलं. तिथेही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तरी रुग्णवाहिकेला आत मुभा आहे. गवंडीकाका म्हणाले, काँक्रीट ओतलं तर चरांची तोंडं बुजतील आणि पाणी थेट याच्याच घराच्या जोत्याशी येईल. एका वहिनीने विचारलं, गाडी घरापर्यंत आली की ती तिथेच थांबेल का? पुढे आगरात नाही शिरणार?

शेवटी सगळे उठून जागेवर गेलो. ग्रामसभा पाखाडीवर उभी राहून पुरी झाली, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. टेप लावली. डांबरी रस्त्यापासून त्याच्या घराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, १४० मीटर, आणि त्यात पायऱ्या फक्त सहा. तेवढा तुकडा आमच्या जाळ्यातून वगळायचा आणि त्याला गाडी जाईल असा रस्ता ग्रामपंचायतीने द्यायचा. त्याच्या बेड्यापासून पुढे पाखाडी. ठराव असा दुरुस्त होऊन मंजूर झाला.

आम्ही ७.४ किलोमीटर मोजत होतो तेव्हा त्याच्या दारावरून तीनदा गेलो होतो, आणि एकदाही थांबून विचारलं नव्हतं. ही आमची चूक. यापुढे वाटेवरच्या प्रत्येक घरात आधी बसायचं, मग टेप काढायची.

११ फेब्रुवारी

गवंडीकाकांनी चिरा बसवायला शिकवलं. खाणीतला नवा चिरा यंत्राने कापलेला, गुळगुळीत. पायरीला तो जसाच्या तसा वापरायचा नाही. जुन्या चिऱ्यावर टाकीचे घाव असतात, त्यात पाय धरतो. नव्यावर टाकीने आडव्या रेघा मारून घ्यायच्या. जांभा खाणीतून निघाल्यावर मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, म्हणून ताजा आणलेला चिरा घाव घालायला बरा.

सिमेंट नाही. सांधा बंद केला की पाणी चिऱ्याच्या पाठीमागे साठतं आणि पायरी उचलून टाकतं. खाली मुरूम, त्यावर बारीक खडी, चिरा ठोकून, बाजूला कपऱ्या. गवंडीकाका प्रत्येक चिऱ्यावर उभे राहून डुलून बघतात. जरा हलला की उचला. दिवसभरात सात पायऱ्या झाल्या. सात म्हणजे कमी वाटतील, पण त्या सातांवर आज संध्याकाळी काकी आधार न घेता चढली.

२५ फेब्रुवारी

सड्यावर वणवा. दुपारी दोनच्या सुमारास पूर्वेकडून आला. गवत कापून झालेलं होतं तरी बांधांवरचं उभं होतं. पंधरा-सोळा जण निरगुडीचे डहाळे घेऊन धावलो. गेल्या महिन्यात गाडीवाट सहा फूट खरवडून साफ केली होती, आग तिथे अडली. काजूची एक बाग वाचली. बागवाले दादा संध्याकाळी स्वतः येऊन संमतीपत्र देऊन गेले. आम्ही मागितलंही नव्हतं.

दरवर्षी जानेवारीत गाडीवाट साफ करायची, जाळरेषा म्हणून. पक्कं.

३ मार्च

सड्यावरच्या वाटेची दिशा ठरवली. आमच्या सड्यावर पाच-सहा कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या हत्तीसारखी भव्य नाहीत, तो सुमारे १८ बाय १३ मीटरचा आहे. आमची हाताएवढी-माणसाएवढी : दोन मासे, एक पाऊलजोडी, बाकी कळत नाहीत. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून लोक गाड्या घेऊन सड्यावर चढतात. माशाच्या शेपटीवरून टायर गेल्याची काळी रेघ अजून आहे.

म्हणून गाडीवाटेच्या तोंडाशी बेडं घालायचं. दोन उभे चिरे, त्यांना भोकं, आडवे वासे. माणूस वासा सरकवून जाईल, गुरं आणि मोटरसायकल अडेल. वाट शिल्पांपासून दहा पावलं लांबून नेली आहे. जवळ जायचं तर चप्पल काढून. बाणांसाठी कातळावर रंग लावायचा नाही, हे सगळ्यांना तीनदा सांगितलं. सुट्या चिऱ्यावर बाण कोरून तो चिरा वाटेकडेला पुरायचा.

१७ मार्च

कालपासून लोकसभेची आचारसंहिता. ग्रामपंचायतीचा निधी आता निवडणूक होईपर्यंत नाही, इथलं मतदान ७ मेला आहे. १४० मीटरचा रस्ताही अडला. त्या भावाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. पण त्याचा चेहरा उतरला. आम्ही आमच्या चिऱ्यांतून त्याच्या सहा पायऱ्यांना तात्पुरता उतार करून दिला, खुर्ची चाकांवर नेता येईल इतपत. अर्धा दिवस लागला.

२२ मार्च

शिमगा दोन दिवसांवर. आज गुरवकाका पाखाडी बघायला आले आणि तिसऱ्या वळणावर थांबले. "पालखी कशी वळवायची हितं?"

आम्ही तिथे गेल्याच आठवड्यात बेडं घातलं होतं. साडेतीन फूट. माणसाला ऐसपैस. पण पालखीचा दांडा लांब, दोन्हीकडे खांदेकरी, वळताना बाहेरच्याला जागा हवी. जुनं बेडं तिथे नव्हतंच, वीस पावलं पुढे सरळ भागात होतं. आम्ही त्याचे चिरे उचलून वळणावर आणले होते, कारण तिथून पऱ्या छान दिसतो. कुणालाही विचारलं नाही.

रात्री कंदील लावून चिरे उपटले आणि जुन्या जागी पुरले. गुरवकाका शेवटपर्यंत उभे होते.

२७ मार्च

पालखी पाखाडीने गेली! तौक्तेनंतर पहिल्यांदा. दोन वर्षं डांबरी रस्त्याने टेम्पोमागून फिरवली होती. ढोल आगरात घुमतो तसा रस्त्यावर घुमत नाही. चौतीस नावांच्या घराच्या अंगणात पालखी नाचली. काकी ओटी भरताना रडत होती. त्या घरातले सात जण मुंबईहून आले होते. कागद आज कुणीच काढला नाही.

२१ एप्रिल

आंबा. कुणालाही वेळ नाही. फक्त रविवारी दोघे जाऊन पाणी तोडणारे चिरे बघून आलो.

५ मे

तारेच्या बागेचे मालक भेटले. डिसेंबरपासून हा विषय मागे ठेवला होता. मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५, असं आमच्यातला एक दादा सारखा म्हणत होता. वाट अडवली तर तहसीलदारांकडे दावा लावता येतो. पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत लावायचा असतो आणि तार दोन वर्षांची आहे. मुदतीत असता तरी मी नको म्हटलं असतं. दावा जिंकून मिळालेल्या वाटेवर म्हाताऱ्या बाईला एकटीने चालायचं असतं, आणि बाग तिच्या डोक्यावर असते.

ते म्हणाले, तार आंब्यासाठी घातली. वादळानंतरच्या वर्षी जे चार आंबे राहिले होते तेही कुणी नेले. तोडगा असा निघाला : १५ मार्च ते ३१ मे बागेतली वाट बंद, तेव्हा बाहेरच्या बांधावरून जायचं. बांधावर पायऱ्या आम्ही करायच्या. बाकी साडेनऊ महिने वाट उघडी, सूर्यास्तापर्यंत. जाताना त्यांनी आठ आंबे दिले.

१२ मे

चौतीस नावांचं घर. सुट्टीमुळे एकवीस जण गावात. काकीच्या ओटीवर तीन तास बसलो. विरोध दोघांचाच होता आणि कारण मला माहीत नव्हतं. पाखाडी त्यांच्या विहिरीला लागून जाते. बाहेरची माणसं विहिरीवर उभी राहून फोटो काढतील, आत प्लास्टिक टाकतील. आगराला आणि घराला तेच पाणी आहे.

एका मुलीनेच उपाय सांगितला, अकरावीतली असेल. विहिरीच्या वरच्या अंगाला गुरांची जुनी वाट आहे. तिथून नेली तर चाळीस पावलं जास्त, पण विहीर दिसतसुद्धा नाही. जाऊन पाहिलं. होते तशी. कामही कमी, फक्त एक साकव, म्हणजे छोटा पूल, लागेल, सुपारीच्या दोन खोडांचा, दरवर्षी बदलावा लागणारा.

सह्या एकवीस. उरलेल्यांचे निरोप फोनवर, नावासकट वहीत वेगळ्या पानावर. काकीचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तिची सही लागत नव्हती. तिला सगळ्यात वर करायला सांगितली.

२६ मे

पावसाआधीचा शेवटचा रविवार असं धरून सगळे चर उपसले. मोजून ४३. साकव घातला. शाळेतल्या मुलांनी अंतराचे चिरे पुरले, आकडे त्यांनीच कोरले. एका चिऱ्यावर ३ उलटा झाला आहे, तो तसाच ठेवला.

आज सड्यापासून धक्क्यापर्यंत सलग चाललो. आबांना घाटीच्या पायथ्यापासून घेतलं. बांधावरची पायरी त्यांना उंच पडली, तिथे मध्ये एक चिरा हवा.

१० जून

रात्रभर पाऊस. सकाळी सहाला छत्री-फावडं घेऊन तिघी निघालो. पाऊस पडत असतानाच वाट बघायची असते, उघडीप झाल्यावर पाणी कुठून गेलं ते कळत नाही.

घाटी उत्तम. चरांतून पाणी बाहेर पडताना दिसलं, पायऱ्या न्हाऊन स्वच्छ. नव्या सात पायऱ्यांतली एक डुलते. पाखाडीवर गुरांच्या वाटेचा नवा तुकडा मात्र वाहून निघाला, तिथे आम्ही उतार धरला होता तो चुकला. पाणी वीस पावलं वाटेवरूनच धावतंय. दोन ठिकाणी आडवा चिरा आणि चर लागेल. साकवाखाली पऱ्या अजून हातभर खाली आहे.

सड्यावर दीपकाडी उगवली आहे. कातळावरच्या वीतभर मातीत, पांढरी, वाऱ्यावर हलणारी. ही कोकणाबाहेर मिळत नाही. नेमकी वाटेच्या मधोमध, माशाच्या आधीच्या वळणावर, अकरा रोपं. दिशेचा चिरा उपटला आणि सहा हात डावीकडे, उघड्या कातळावर नेऊन ठेवला. तिथे माती नाही, तो पुरता येणार नाही, बुडाशी दगड रचावे लागतील. उद्या गवंडीकाकांना घेऊन वर जायचं. सोबत पहार, आणि डुलणाऱ्या पायरीसाठी दोन घमेली खडी.